सफरचंद लेकीला, बिस्किटं आईला

एका वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: वय 41, काम दिवसभर बसून. चार महिन्यांपूर्वी वजन 79 किलो होतं, ते 68 वर आणायचं आहे. जिममधल्या ट्रेनरने सांगितलं, ‘फळातली साखरही साखरच, वजन उतरवायचं तर फळं बंद.’ त्या दिवसापासून फळं सोडली. पहिल्या आठ दिवसांत अडीच किलो उतरलं, पुढच्या दोन महिन्यांत आणखी अडीच, आणि गेले सहा आठवडे काटा 74 वर अडकला आहे. सकाळी दोन सफरचंदं, गाजर आणि बीट यांचा गाळलेला रस दोन चमचे मध घालून घेतात. रात्रीचं जेवण हलकं, पण अकराच्या सुमारास भूक लागतेच, मग चार-पाच शुगर-फ्री बिस्किटं. गेल्या महिन्यात लेकीच्या वाढदिवशी राहवलं नाही. एक आंबा आणि दोन केळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी काट्यावर 900 ग्रॅम जास्त दिसले आणि त्यांनी दिवसभर काहीच खाल्लं नाही. मैत्रीण मात्र रात्री नुसती फळं खाऊन चार किलोंनी उतरली. त्या विचारतात, ‘फळं कायमची सोडायची का? निदान कोणती चालतील, आणि किती वाजेपर्यंत?’

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले. तुम्ही लिहिलंय, ‘संध्याकाळी लेकीला सफरचंद कापून देते, आणि बोटांना लागलेला रससुद्धा चाटत नाही, नळाखाली धुऊन टाकते.’ सफरचंदाच्या रसाच्या दोन थेंबांची इतकी धास्ती मनात बसली असेल, तर कोणतं फळ चालेल हा प्रश्न नंतरचा. आधी ती धास्ती कुठून आली ते पाहू. माझ्या मते ती एका चुकीच्या हिशोबातून आली आहे.

तो हिशोब आधी मांडते. वाढदिवसाच्या दिवशी तुम्ही दोन केळी आणि एक आंबा खाल्लात. मध्यम केळ्यात साधारण 105 कॅलरी असतात. आंब्याच्या 100 ग्रॅम गरात 60, म्हणजे 200 ग्रॅम गर धरला तर 120. सगळे मिळून 330 झाले. एक किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा सुमारे 7,700 कॅलरी जास्त खाव्या लागतात, म्हणजे 900 ग्रॅम चरबीसाठी जवळजवळ 7,000. एका संध्याकाळच्या फळांनी ते होणं शक्यच नाही. मग काट्याने दाखवलं ते काय? दोन केळ्यांचा गर आणि 200 ग्रॅम आंबा यांचं स्वतःचंच वजन सव्वाचारशे ग्रॅमच्या वर जातं. त्यातला काही भाग सकाळी अजून आतड्यातच असतो. वाढदिवसाच्या जेवणात मीठही नेहमीपेक्षा जास्त गेलं असणार, आणि मीठ पाणी धरून ठेवतं. पिष्टमय पदार्थ शरीरात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, म्हणून साठतात आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. तुम्ही पाण्याचं वजन पाहिलंत, ताई, आणि त्यापायी एक दिवस उपाशी राहिलात.

हाच नियम उलट्या दिशेने लावला तर पहिल्या आठ दिवसांतल्या अडीच किलोंचंही कोडं सुटतं. तुम्ही फळं सोडलीत त्याच दिवशी गोड, तळलेलं आणि रात्रीचं भरपेट जेवणही सोडलंत, असं पत्रातच आहे. खाणं एकदम घटलं की ग्लायकोजेनचा साठा उतरतो आणि त्याला धरून असलेलं पाणी निघून जातं. बहुतेकांचं पहिल्या आठवड्यात भराभर उतरतं ते यामुळे. श्रेय मात्र गेलं फळं सोडण्याला. मनात गाठ पक्की बसली: फळं सोडली, वजन उतरलं, फळं खाल्ली, वजन वाढलं. दोन्ही वेळा हललं ते मुख्यतः पाणी.

आता ट्रेनरच्या वाक्याकडे येऊ. ते वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून सहज पटतं. सफरचंदातली साखर रसायनशास्त्राच्या दृष्टीने वेगळी नाही. फ्रुक्टोज, ग्लुकोज, सुक्रोज हेच तिचे घटक. मध्यम आकाराच्या सफरचंदात ती 19 ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणजे चार चमच्यांहून थोडी जास्तच. हे मी लपवणार नाही. पण फळात ही साखर सुटी नसते. ती पेशींच्या भिंतींआड, भरपूर पाण्यात आणि चार-साडेचार ग्रॅम तंतूंसोबत (फायबर) बसलेली असते. ती मिळवायची तर चावावं लागतं, आणि चावायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचायला लागतो.

1977 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. दहा जणांना वेगवेगळ्या दिवशी अख्खी सफरचंदं, त्यांचा लगदा आणि गाळलेला रस असं दिलं. पिष्टमय भाग तिन्हींत सारखाच. रस अख्ख्या फळापेक्षा अकरा पट वेगाने पिऊन झाला. पोट भरल्याची भावना अख्ख्या फळाने सर्वांत जास्त आली, लगद्याने त्याहून कमी आणि रसाने सर्वांत कमी. रसानंतर आणि लगद्यानंतर इन्शुलिनही अख्ख्या फळापेक्षा जास्त चढलं. सफरचंद तेच होतं, फरक फक्त त्याचं काय केलं याचा.

हे घरी करून बघता येतं, मी करून पाहिलंय. एक संत्रं सोललं, शिरा काढल्या, फोड फोड करून खाल्लं, बिया बाजूला काढल्या. घड्याळ लावलं होतं, सहा मिनिटं गेली आणि दुसरं घ्यावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तशाच तीन संत्र्यांचा रस काढला, एक पेला भरला. तो उभ्या उभ्या मिनिटाच्या आत संपला आणि थोड्या वेळाने मी डबे उघडून बघत होते.

म्हणून तुमच्या सकाळच्या पेल्याबद्दल स्पष्ट बोलते. तुम्ही लिहिता, फळं पूर्ण बंद आहेत. ती बंद नाहीत, ताई. दोन सफरचंदांची बहुतेक साखर रोज सकाळी तुमच्या पोटात जाते, वर दोन चमचे मध. गेला तो फक्त चोथा, आणि पोटाला धरून ठेवणारी गोष्ट नेमकी त्याच चोथ्यात होती. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली साखरेबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांत ‘मोकळी साखर’ रोजच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी ठेवा, जमल्यास 5 टक्क्यांच्या खाली आणा, असं सांगितलं आहे. या मोकळ्या साखरेत मध येतो आणि फळांचा रसही येतो. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात मोजलेली नाही. म्हणजे जी साखर कमी करायला सांगितली ती तुम्ही पीत राहिलात, आणि जिच्यावर बंधन घातलं नव्हतं ती सोडलीत. यात तुमची चूक नाही. असे रस ‘डिटॉक्स’, म्हणजे शरीर साफ करणारे, म्हणून विकले आणि सांगितले जातात, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. शरीर साफ करायला यकृत आणि मूत्रपिंडं रोज काम करतात, त्यांना रसाची गरज पडत नाही.

आता रात्रीचे अकरा. मला वाटतं तुमचे सहा आठवडे इथेच अडकले असावेत.

फळं सोडलीत तेव्हा एक जागा रिकामी झाली. चार-पाचच्या सुमारास तुम्ही लेकीबरोबर सफरचंद किंवा पेरू खायचात, असं तुम्हीच लिहिलंय. ती वेळ आता कोरडी जाते, रात्रीचं जेवण हलकं, आणि दिवसभर मागे ढकललेली भूक अकराला दारात उभी राहते. मग बिस्किटं. पुड्यावर शुगर-फ्री लिहिलेलं असलं तरी मैदा आणि स्निग्ध पदार्थ आत असतातच. पुड्याच्या मागचा तक्ता वाचा: अशा बिस्किटांच्या 100 ग्रॅममध्ये बहुधा 450 च्या आसपास कॅलरी दिसतील. पाच बिस्किटं म्हणजे 40-50 ग्रॅम, सुमारे 200 कॅलरी, दोन सफरचंदांएवढ्या. दोन सफरचंदं एका बैठकीत संपवणं जड जातं. पाच बिस्किटं संपल्याचं लक्षातही येत नाही.

1995 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सारख्या कॅलरींचे वेगवेगळे पदार्थ लोकांना देऊन कशाने किती पोट भरतं ते मोजलं. पांढऱ्या ब्रेडला 100 गुण धरले. संत्र्याला 202 मिळाले, सफरचंदाला 197, द्राक्षांना 162, आणि बदनाम केळ्यालाही 118. केक आणि डोनट बरेच खाली होते. पुढे 2009 साली आणखी एक प्रयोग झाला. जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाल्लेल्या लोकांनी फोडींसकट धरून एकूण 15 टक्के कमी कॅलरी खाल्ल्या. रस प्यायलेल्यांत तसा फरक पडला नाही.

पण मी दुसऱ्या टोकालाही जाणार नाही. फळ खाल्लं म्हणून वजन उतरत नाही. 2014 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा दिसलं, की लोकांना नुसतं फळं-भाज्या वाढवा म्हटलं आणि बाकीचं खाणं तसंच राहिलं, तर वजनात सांगण्यासारखा फरक पडत नाही. भरपेट जेवणावर वाडगाभर फळं म्हणजे तेवढं जास्तीचं खाणं. फळ कशाच्या ऐवजी आलं, यावर सगळं ठरतं. बिस्किटांच्या जागी आलं तर उपयोग, बिस्किटांच्या जोडीला आलं तर भर. कोणती फळं चालतील याच्या लांबलचक याद्या फिरत असतात, त्यांत नेमका हा प्रश्न कुणी विचारत नाही.

तुमच्या मैत्रिणीचंही उत्तर यात आलं. रात्रीचं पूर्ण जेवण काढून तिथे फळं आली तर कॅलरी घटतात, वजन उतरतं. त्यात जादू नाही, पण धोका आहे. फळांत प्रथिनं जवळजवळ नसतात; सफरचंदाच्या 100 ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा नाही, केळ्यात जेमतेम एक. वजन उतरत असताना प्रथिनं कमी पडली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि चाळिशीनंतर झिजलेले स्नायू परत मिळवायला फार कष्ट पडतात. तिच्या चार किलोंत नक्की काय गेलं हे काटा सांगत नाही. तिला दुखावू नका, पण तिची नक्कलही करू नका.

कोणतं फळ, हा तुमचा प्रश्न मी आता घेते, कारण आता तो छोटा झाला आहे. केळं आणि आंबा वाईट, सफरचंद चांगलं, असं मी सांगणार नाही. फळांमधला फरक बहुतेक करून पाण्याचा आणि तंतूंचा असतो. कलिंगडाच्या 100 ग्रॅममध्ये 30 कॅलरी, पपईत 43, संत्र्यात 47, आंब्यात 60, पेरूत 68 आणि द्राक्षांत 69. पेरूत कॅलरी आंब्यापेक्षा थोड्या जास्तच आहेत, पण 100 ग्रॅममध्ये पाचेक ग्रॅम तंतू आणि बियांसकट चावण्याचं काम, त्यामुळे एक खाल्ला की पुरे होतं. द्राक्षांचं उलटं: एक एक तोंडात टाकता टाकता घड कधी संपला ते कळत नाही, म्हणून ती मोजून वाडग्यात घ्यावीत. आंबा आवडतो ना? अर्धा कापून, बशीत घेऊन, बसून खा. केळं पिकलं की गोड लागतं कारण त्यातल्या पिष्टाची (स्टार्चची) साखर होते, कॅलरी फारशा बदलत नाहीत.

खरी सावधगिरी सुकवलेल्या फळांची. द्राक्षातलं पाणी काढलं की त्याचा मनुका होतो आणि 100 ग्रॅममागे 69 च्या जागी 300 कॅलरी होतात. खजूर 280 च्या घरात. मूठभर मनुका आणि मूठभर द्राक्षं हातात सारखीच वाटतात, म्हणून फसायला होतं. पाकातली डबाबंद फळं आणि साय-साखर घातलेली फळं ही मिठाईच समजा. मिक्सरमधल्या स्मूदीत चोथा राहतो, रसापेक्षा ती बरी. पण दोन केळी, दूध आणि मध एका पेल्यात गेले की ते जेवण झालं, पेय राहिलं नाही.

वेळेबद्दल फार बोलण्यासारखं नाही. सूर्य मावळला म्हणून फळाच्या कॅलरी वाढत नाहीत. जेवणावर फळ खाल्लं तर ते पोटात सडतं, हेही खरं नाही. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की तिथे काही सडत नाही, सगळं एकत्र घुसळून पुढे जातं. झोपण्यापूर्वी आंबट फळाने छातीत जळजळ होत असेल तर तेवढं टाळा.

आता तुमच्यासाठी तीन आठवड्यांचा बेत सुचवते. सकाळचा रस बंद, त्याजागी एक अख्खं फळ, सालीसकट खाता येत असेल तर सालीसकट. त्याबरोबर अंडं, दही किंवा मूठभर शेंगदाणे, म्हणजे सकाळीच थोडी प्रथिनं जातील. गाजर आणि बीट चावून खा. चार-पाच वाजता लेकीसाठी कापाल तेव्हा स्वतःसाठीही एक कापा आणि तिच्याशेजारी बसून खा. रात्रीचं जेवण इतकं हलकं करू नका. त्यात डाळ, अंडं, मासे, पनीर यांपैकी जे तुम्ही खाता ते आणि भाजी पोटभर असू द्या. एवढं करून अकराला भूक लागलीच तर तिसरं फळ खा, निःशंक मनाने. बिस्किटांचा पुडा घरात आणूच नका, निदान हे तीन आठवडे. दिवसाला दोन-तीन फळं, मुठीएवढी, हा अंदाज बहुतेकांना पुरतो. जागतिक आरोग्य संघटना फळं आणि भाज्या मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम म्हणते, त्यात हे बसतं. बरेच दिवस तंतू कमी गेले असतील तर सुरुवातीला पोट फुगल्यासारखं वाटेल. मग पहिला आठवडा दोनच फळांवर ठेवा आणि पाणी पुरेसं प्या.

काट्याबद्दल एक विनंती. तुम्ही दिवसातून तीनदा वजन करता. ते सकाळी उठल्यावर एकदा करा, लिहून ठेवा आणि आठवड्याच्या सात आकड्यांची सरासरी काढा. फक्त सरासरीची सरासरीशी तुलना करा. तेही जड जात असेल तर आठवड्यातून एकदाच करा. पहिल्या आठवड्यात अर्धा-एक किलो वर गेल्यासारखं वाटलं तर ते पाणी आहे हे लक्षात ठेवा, आणि त्यासाठी उपाशी राहू नका. हे सगळं करूनही फळाला हात लावताना छाती धडधडत राहिली, किंवा खाल्ल्यावर स्वतःला शिक्षा करावीशी वाटली, तर एखाद्या समुपदेशकाला भेटा. ते आहाराच्या तक्त्याने सुटणारं दुखणं नाही, आणि त्याला मदत मिळते.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. मधुमेह असेल तरी अख्खी फळं सहसा बंद करावी लागत नाहीत, पण प्रमाण आणि औषधं यांचा मेळ डॉक्टरांनी घालून द्यायला हवा. घरी साखर मोजायचं यंत्र असेल तर फळ खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा. कोणतं फळ तुम्हाला किती चढवतं हे ऐकीव माहितीपेक्षा त्यावरून नीट कळेल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना केळं, संत्रं यांतल्या पोटॅशियमचा त्रास होऊ शकतो, त्यांनी विचारल्याशिवाय फळं वाढवू नयेत. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही, गोळ्या चालू असतील तर तेही विचारून घ्या.

ताई, तीन आठवडे झाले की मला पुन्हा लिहा. रात्री अकराला भूक लागली की नाही, आणि लागली तर काय खाल्लंत, एवढं जरूर कळवा. वजनाचा आकडा नाही लिहिलात तरी चालेल.